चिपाडं शेतात ठेवा म्हणणाऱ्यांनी नत्राचंही बोलावं

मक्याची कणसं खुडून झाली की जेवढं धान्य घरी आलं, जवळजवळ तेवढ्याच वजनाची चिपाडं शेतात उभी राहतात. हेक्टरी पाच टन दाणा निघाला असेल, तर वाळलेली धाटं आणि पाला मिळून पाचेक टन माल मागे उरतो. त्यात ३० ते ४० किलो नत्र (नायट्रोजन), दहाएक किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि ८० ते १०० किलो पालाश (पोटॅश) असतं. यातला पालाशचा आकडा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. दाण्यातून पालाश फार थोडं बाहेर जातं. पिकाने उचललेल्यापैकी बहुतेक धाटात आणि पानातच थांबतं. त्यामुळे नुसता दाणा विकणारा शेतकरी पालाशच्या बाबतीत बराचसा सुरक्षित असतो. चिपाडंही उचलून देणाऱ्याची जमीन मात्र दोन्ही बाजूंनी खर्ची पडते.

या चिपाडांचं करायचं काय, यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जाळायला बंदी करा, दंड लावा, सगळं शेतातच ठेवायला सांगा. दुसरा म्हणतो, गाठी बांधा आणि इंधनाला, इथेनॉलला, कागदाला पाठवा, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. आमचं मत पहिल्या तटाकडे झुकतं. चिपाडांचा मोठा हिस्सा शेतातच राहायला हवा. पण ‘शेतात ठेवा’ हा सल्ला आज ज्या रूपात दिला जातो, तो अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणाची किंमत पहिल्याच हंगामात मक्याच्या उताऱ्यात (उत्पादनात) मोजावी लागते. ज्याचा मका पिवळा पडला, तो पुढच्या वर्षी काडेपेटी घेऊनच शेतात जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांचा हा तोटा कोणी सोसायचा, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तो सार्वजनिक पैशातून भरला पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

जाळण्याबद्दल फार लिहायला नको. आगीत नत्र जवळपास सगळं उडून जातं, गंधकाचाही मोठा वाटा जातो. स्फुरद आणि पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतं, पण राख जिथे ढीग पेटला तिथेच पडते आणि पहिल्या वाऱ्या-पावसात हलते. तरी माणूस जाळतो, कारण दोन पिकांच्या मधे त्याच्याकडे दिवस थोडे असतात, आणि पाच टन उभी धाटं एका संध्याकाळीत मोकळी करणारं दुसरं साधन इतकं स्वस्त नसतं. हा अडाणीपणा नाही, हिशेब आहे. हिशेब बदलायचा तर दंडाने तो निम्माच बदलतो.

आता नत्राकडे वळू. सगळी गोम तिथे आहे.

एक टन कोरडं चिपाड घ्या. त्यात कर्ब (कार्बन) सुमारे ४२० किलो आणि नत्र ७ किलो, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ६०:१. हे चिपाड मातीत गाडलं की जिवाणू आणि बुरशी त्यावर तुटून पडतात. खाल्लेल्या कर्बाचा साधारण दोन-तृतीयांश भाग ते श्वासावाटे हवेत सोडतात आणि एक-तृतीयांश, म्हणजे १४० किलो, स्वतःच्या शरीरात घालतात. या जिवांच्या शरीराचं गुणोत्तर साधारण ८:१ असतं. १४० किलो कर्बाला साडेसतरा किलो नत्र लागणार, आणि चिपाडात आहे फक्त सात. उरलेलं दहा किलो ते मातीतून ओढतात. मातीत तेव्हा जे विरघळलेलं नत्र असतं तेच मक्याच्या कोवळ्या मुळांनाही हवं असतं, आणि या स्पर्धेत मूळ हरतं. जिवाणू मातीच्या कणाकणात आधीच बसलेले असतात, मुळाला अजून तिथवर पोहोचायचं असतं.

हेच गणित उलट बाजूने मांडलं तर २४-२५:१ च्या आसपास सीमारेषा येते. त्याखालचा कचरा कुजताना नत्र सोडतो, वरचा कुजताना नत्र मागतो. हिरवळीचं खत, शेंगवर्गीय पिकाचा हिरवा पाला सीमेच्या अलीकडे, मक्याची धाटं बरीच पलीकडे, गव्हाचा भुसा तर त्याहूनही लांब. सगळ्या ‘सेंद्रिय पदार्थां’ना एकाच ओळीत बसवून ‘जमिनीला खत मिळतं’ असं लिहिणारी पत्रकं इथेच फसतात. मक्याचं चिपाड आधी कर्ज घेतं आणि परतफेड पुढच्या हंगामांत करतं. हे नत्र बुडत नाही. ते जिवाणूंच्या देहात अडकलेलं असतं आणि ते मेले की हळूहळू मोकळं होतं. पण पेरणीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे मक्याला या आश्वासनाचा काही उपयोग नसतो.

शेतात हे दिसतं कसं? रोप पाच-सहा पानांवर आलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. पिवळेपणा टोकाकडून सुरू होतो आणि मधल्या शिरेच्या बाजूने आत सरकतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. कडा काही काळ हिरव्याच राहतात. कडा करपल्या आणि मधला भाग हिरवा राहिला तर तो पालाशचा दोष. नवी, वरची पानं फिकट आणि रेघारेघांची दिसली तर गंधकाकडे पाहावं. शंका असेल तर दहा मीटरच्या दोन ओळींना थोडा युरिया मातीआड करून द्या, माती कोरडी असेल तर पाणीही द्या. आठवडा-दहा दिवसांत तेवढाच पट्टा गडद झाला तर उत्तर मिळालं. पट्टा हिरवा झाला नाही तर रोप उपटून मुळं बघा. पाणी साचून गुदमरलेलं मूळही वर पिवळंच पान दाखवतं.

उपाय अवघड नाही, पण तो वेळेवर आणि नेमका व्हावा लागतो. चिपाडं गाडायची असतील तर पेरणीआधी किमान तीन-चार आठवडे, मातीत वाफसा (बेताची ओल) असताना गाडावीत. कोरड्या मातीत गाडलेलं धाट तसंच पडून राहतं आणि पहिल्या पावसाबरोबर, नेमकी पेरणीच्या तोंडावर, त्याची कुजण सुरू होते. मग वेळेआधी केलेल्या कामाचा फायदा शून्य. तुकडे पाच ते दहा सेंटीमीटरचे असावेत आणि धाट चिरलेलं असावं, कारण बाहेरची चिवट साल फुटल्याशिवाय बुरशी आत शिरत नाही. खोली दहा-पंधरा सेंटीमीटर पुरे. नांगराच्या खोल चरीच्या तळाशी एकाच थरात दाबलेली धाटं ओल्या जमिनीत हवेविना सडतात आणि मूळ त्या थरावर येऊन अडतं.

पृष्ठभागावर ठेवलेल्या चिपाडांचं गणित थोडं सौम्य असतं. मातीला टेकलेला खालचा थर तेवढा कुजतो, बाकीचं वरती वाळत राहतं, म्हणून नत्राची ओढ कमी आणि लांबलेली असते. तिथे नेहमीच्या मात्रेतलंच हेक्टरी २० ते ३० किलो नत्र पेरणीबरोबर पुढे ओढलं तरी सहसा भागतं. पाचही टन गाडलेले असतील तर वरच्या हिशेबाने ५० किलोपर्यंत नत्र अडकू शकतं, आणि ५० किलो नत्र म्हणजे युरियाचे जवळपास ११० किलो. ते सगळं एकदम द्यायची गरज नाही, कारण पाच टन काही एका महिन्यात कुजत नाहीत. पण त्यातला निम्मा भाग पेरणीच्या वेळी मिळायला हवा. दुसरा हप्ता मका आठ पानांवर यायच्या आत, कारण तिथून तुरा येईपर्यंत पीक सर्वात वेगाने नत्र उचलतं.

आणि तो हप्ता चिपाडांवर फेकू नये. ही चूक जवळजवळ सगळीकडे होते. वनस्पतींच्या अवशेषांवर युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) मातीपेक्षाही जास्त असतं. ओलसर पाल्यावर पडलेला युरिया काही दिवसांत अमोनिया होऊन उडायला लागतो, आणि ऊन, वारा, ओल तिन्ही जुळून आलं तर चौथा हिस्सा सहज जातो. दाणेदार खत बियाण्याच्या बाजूला पाच सेंटीमीटर आणि खाली पाच सेंटीमीटर पडलं पाहिजे. बियाण्याला चिकटलेला युरिया उगवणच मारतो, म्हणून ‘जवळ द्या’ एवढंच सांगून चालत नाही, अंतर सांगावं लागतं.

कुजवणारे जिवाणू बाटलीत विकले जातात, त्यांच्याबद्दलही एक शब्द. धाटं कुजवणाऱ्या बुरशीचा मातीत सहसा दुष्काळ नसतो. तिला कमी पडतं ते नत्र आणि ओल. जेवणारे वाढवून जेवण वाढत नाही.

दुसरी अडचण अति-आश्वासनांची. ‘चिपाडं ठेवा, जमिनीचा कर्ब वाढेल’ हे खरं आहे, पण किती वाढेल? हेक्टरी पाच टन धाटांत कर्ब सुमारे २.१ टन. त्यातला दहा-बारा टक्केच काही वर्षांनंतरही मातीत टिकून राहतो. म्हणजे वर्षाला पाव टनाच्या आसपास. वरच्या २० सेंटीमीटर थराचं वजन हेक्टरी सुमारे २,६०० टन. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायला २.६ टन कर्ब लागतो. म्हणजे एकही वर्ष न चुकवता, सगळी चिपाडं ठेवून, दहा वर्षं. तेही जुना कर्ब याच काळात झिजत नाही असं धरून. तीन वर्षांच्या योजनेच्या शेवटी मातीचा नमुना तपासून ‘फरक दिसला नाही’ म्हणणारे आणि पहिल्याच वर्षी ‘जमीन सुपीक झाली’ म्हणणारे, दोघांनीही हा भागाकार केलेला नसतो.

शिवाय हा टिकाऊ कर्ब नुसत्या कर्बाचा नसतो. एक टन कर्ब ह्यूमसच्या (कुजून स्थिरावलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) रूपात मातीत बसवायला अंदाजे ८० किलो नत्र, २० किलो फॉस्फरस आणि १४ किलो गंधक त्यात बांधलं जातं. ही सामग्री नसेल तर चिपाड कितीही ओता, ते श्वासावाटे हवेतच जाणार. रासायनिक खत आणि सेंद्रिय अवशेष यांची एकमेकांशी लावून दिलेली लढाई आम्हाला म्हणूनच पोकळ वाटते. हलक्या, उपाशी जमिनीत खताशिवाय पुरेशी चिपाडंच तयार होत नाहीत. आणि दुर्लक्षित राहणारी गोष्ट अशी, की मुळांतून आलेला कर्ब धाटांतल्या कर्बापेक्षा मातीत जास्त टिकतो. जोमदार पीक म्हणजे दाट मुळं. त्यामुळे नत्राची कुचंबणा करून कर्ब वाढवायला निघालेला कार्यक्रम स्वतःचीच फांदी तोडतो.

मग चिपाडं ठेवून लवकर मिळतं काय? पाणी. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की बारीक कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचं सोडून वाहतं. पाल्यावर पडलेला थेंब तिथेच फुटतो. जमिनीचा ३० टक्के पृष्ठभाग झाकला गेला तरी धूप निम्म्याहून खाली येऊ शकते, आणि वरच्या थरातली ओल पावसाच्या खंडात काही दिवस जास्त टिकते. तुरा आणि स्त्रीकेसर येण्याच्या पंधरवड्यात ताण बसला तर कणसं अर्धी भरतात. म्हणून कोरडवाहू, उताराच्या, अनियमित पावसाच्या शेतात आच्छादनाचा फायदा उताऱ्यात दिसतो, तोही लवकर.

भारी, निचरा न होणाऱ्या जमिनीत किंवा थंड वसंतात पेरणी होणाऱ्या प्रदेशात हेच आच्छादन अंगावर येतं. माती उशिरा तापते, उगवण रेंगाळते, मुळाशी पाणी थांबतं. ‘नेचर’ नियतकालिकात २०१५ साली जगभरच्या ६१० अभ्यासांचा एकत्र ताळेबंद प्रसिद्ध झाला. त्यात विनानांगरट पेरणीने सरासरी उतारा ५.७ टक्क्यांनी घटलेला दिसला. मात्र कोरड्या, पावसावर अवलंबून असलेल्या भागांत अवशेष आणि पिकांची फेरपालट या दोन्हींची जोड मिळाली तेव्हा तो ७.३ टक्क्यांनी वाढला. अवशेष आणि फेरपालट गाळून नुसती ‘नांगरू नका’ एवढीच गोष्ट पसरवली, तर उणे आकडा पदरात पडतो. सगळ्या प्रदेशांना एकच छापील शिफारस आणि एकच अनुदान देणाऱ्या धोरणाने हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवायला हवा.

शेतात काय बिघडतं, तेही सांगू. बिघाड बहुधा कापणीच्या दिवशीच सुरू होतो. कापणी यंत्राचा भुसा पसरवणारा पंखा बंद किंवा झिजलेला असेल तर सगळा पाला यंत्रामागे दीड मीटरच्या पट्ट्यात पडतो आणि बाजूची जमीन उघडी राहते. पट्ट्यात रोपं विरळ आणि पिवळी, बाहेर ठीक. पुढच्या हंगामात उभं शेत पाहूनही मागच्या वर्षी यंत्र कुठून गेलं ते ओळखता येतं. मग पेरणी. चकतीचं पेरणी यंत्र ओलसर, मऊ पडलेलं धाट कापत नाही, ते दुमडून चरीत ढकलतं, आणि बी मातीत न पडता त्या घडीत पडतं. ओल मिळाली नाही की बी तिथेच राहतं. दहा पावलं पेरून झाली की थांबावं, चर बोटांनी उकरून बी पाहावं. पाल्याची घडी दिसली तर सकाळचं दव उडेपर्यंत थांबावं, चकतीची धार तपासावी, किंवा ओळीपुरता २० सेंटीमीटरचा पट्टा साफ करणारी चाकं पुढे लावावीत.

रोग-किडींचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता कामा नये. पानावरचा करपा आणि करड्या ठिपक्यांचा रोग यांची बुरशी मक्याच्याच जुन्या पाल्यावर तग धरते. खोडकिड्याच्या अळ्या धाटांत आणि धसकटांत सुप्तावस्थेत बसतात. मक्यावर मका, तोही विनानांगरट, म्हणजे त्यांना आयता मुक्काम. उभी धाटं महिनाभर उन्हात आडवी पसरली, तर आतल्या बऱ्याच अळ्या उन्हाने मरतात. चिरून बारीक केली तर त्यांना लपायला जागा उरत नाही. रोगावर मात्र फेरपालटच. मधे एक शेंगवर्गीय पीक आलं की बुरशीचं खाद्य तुटतं आणि कमी कर्ब-नत्र गुणोत्तराचा पाला मक्याला नत्रही देतो. इलिनॉय विद्यापीठाच्या मॉरो प्लॉट्समध्ये १८७६ पासून मका घेतला जातो. सतत मक्याखाली राहिलेला, खत न दिलेला तुकडा फेरपालटीच्या तुकड्यांच्या मागे पडला तो पडलाच.

राहिली वैरण. जिथे जनावरं आहेत, तिथे ‘सगळं शेतात ठेवा’ म्हणणं म्हणजे गोठ्याचा विचारच न करणं. इथे तडजोड धाटाच्या आतच दडलेली आहे. कणसाच्या वरचा शेंडा, पानं आणि कणसावरची सालं हा भाग पचायला बरा असतो. कणसाखालचं जाड खोड चारा म्हणून कमी प्रतीचं, आणि गव्हाणीत तसंही उष्टं पडतं. शेंडा कणसाच्या वरून कापून न्यावा, खालचं धाट शेतात आडवं करावं. जमिनीचा तिसरा हिस्सा झाकायला अडीच ते तीन टन कोरडी धाटं लागतात. पाच टनांच्या शेतातून दोन टन उचलता येतात. ज्याचा दाण्याचा उतारा दोनच टन आहे, त्याच्याकडे द्यायला काही नाही, आणि नेमक्या अशाच शेतकऱ्याला वैरणीची सर्वात जास्त निकड असते. त्याला आच्छादनाचा उपदेश करण्याआधी बांधावर चारा गवत लावायला आणि पहिली पोती खताची आणायला मदत हवी. शेण परत येतं हे खरं, पण मुताबरोबर गेलेलं नत्र गोठ्याच्या कच्च्या जमिनीत जिरलं तर ते शेताच्या खात्यावर जमा होत नाही.

गाठी बांधून नेणाऱ्यांबद्दल आमची अट साधी आहे. एक टन गाठीबरोबर ६ ते ८ किलो नत्र, दोनेक किलो स्फुरद, १६ ते २० किलो पालाश जातं. खरेदीच्या दरात हे खत भरून देण्याचा खर्च आधी धरावा, वाहतूक आणि नफा नंतर. एवढं धरून कारखाना परवडत नसेल तर तो जमिनीच्या अनुदानावर चालतोय, हे उघड बोललं जावं.

सार्वजनिक पैसा कुठे घालावा, तेही यातून निघतं. यंत्राच्या खरेदीवरचं अनुदान यंत्र विकणाऱ्यापर्यंत पोहोचतं. शेडमध्ये उभा असलेला श्रेडर एक धाटही चिरत नाही. त्याऐवजी पैसा पेरणीनंतर शेतात दिसणाऱ्या आच्छादनावर द्यावा, आणि पहिली तीन वर्षं पेरणीच्या वेळचं जादा नत्र त्यातच धरावं. आच्छादन मोजायला उपग्रहाचीही गरज नाही. पंधरा मीटर लांब दोरी घ्यावी, तिला दर पंधरा सेंटीमीटरवर एक अशा शंभर गाठी माराव्यात आणि ओळींना तिरकी ताणावी. प्रत्येक गाठीच्या एकाच कडेखाली सरळ वरून पाहावं; तिथे धाट किंवा पान असेल तर एक मोजावं, कणभर चुरा असेल तर सोडून द्यावा. शंभरात जितक्या गाठी लागल्या तितके टक्के. शेतात पाच ठिकाणी मोजून सरासरी काढायची, अर्ध्या तासाचं काम.

मोजणी कापणीनंतर मात्र करू नये, कारण तेव्हा सगळ्यांचीच शेतं झाकलेली दिसतात. पलटी नांगराच्या एका फेरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाला गाडला जातो, तव्यांच्या कुळवाच्या फेरीत निम्म्याच्या आसपास, पेरणी यंत्राने दहाएक टक्के. कापणीनंतर ८० गाठी आणि पेरणीनंतर १८ भरल्या, तर मधे कुळव दोनदा फिरलाय हे दोरीच सांगते. अशा शेताला दंडाची नोटीस पाठवण्याऐवजी पुढच्या हंगामात एक फेरी गाळायला सांगितलं, तर तोच कुळव, तीच धाटं आणि गाठी पस्तिशीच्या पुढे.